‘काळी’, ‘पांढरी’ आणि भरावाची जमीन : एम्प्रेस मिलच्या एका आख्यायिकेची चिकित्सा

प्रस्तावना

औद्योगिकीकरणाविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने दोन टोकांवर उभे आहे. एका टोकाला उद्योजकांची चरित्रे व आत्मचरित्रे आहेत, तर दुसऱ्या टोकाला गिरणी कामगारांच्या जीवनावरील कविता, कादंबऱ्या आणि नाटके आहेत. पहिल्या प्रकारच्या लेखनात कारखाना एका माणसाच्या जिद्दीतून जन्माला येतो. दुसऱ्या प्रकारच्या लेखनात तो अनेकांच्या घामावर चालतो किंवा अनेकांना उघड्यावर टाकून बंद पडतो. या दोहोंच्या मध्ये मात्र आणखी एक टप्पा असतो. परदेशी कारखानदाराकडे यंत्रांची मागणी नोंदवलेली आहे, त्यांचे नकाशे हाती आले आहेत, यंत्रे बोटीवर चढली आहेत आणि ज्या जागेवर ती बसायची आहेत ती जागा अद्याप शेत, माळरान किंवा दलदल आहे. ही जागा यंत्रासाठी तयार करण्याचे काम काही महिने, कधी काही वर्षे चालते. उत्पादनाचा हिशोब या काळात शून्य असतो आणि खर्चाचा हिशोब मात्र रोज वाढत असतो. आपल्या साहित्याने आणि चरित्रलेखनानेही या टप्प्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

प्रस्तुत लेखात या टप्प्याविषयीच्या एका प्रसिद्ध आख्यायिकेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ही आख्यायिका नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागेविषयी आहे. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील वाचकाला ती जवळची वाटावी असे कारण तिच्यात आहे, कारण ज्या काळ्या मातीवर आपला कापूस उभा राहतो तिच्याशीच या कथेचा संबंध येतो. एम्प्रेस मिलचा संपूर्ण इतिहास मांडणे हा लेखाचा हेतू नाही. ती कथा काय सांगते, काय झाकते आणि का झाकते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

आख्यायिकेचा संदर्भ

जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी कापडधंद्यातील आपला पहिला प्रयोग मुंबईत केला. १८६९ साली त्यांनी चिंचपोकळी येथील एक डबघाईला आलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिचे कापडगिरणीत रूपांतर केले, तिला अलेक्झांड्रा मिल हे नाव दिले आणि सुमारे दोन वर्षांनी ती विकून टाकली. येथे जागा आणि इमारत आयती होती. आत काय चालवायचे एवढाच बदल करावयाचा होता. त्यानंतर लँकेशायरमधील कापडउद्योगाचा त्यांनी प्रत्यक्ष अभ्यास केला आणि पुढील गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूरची निवड केली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली होती. वऱ्हाड व नागपूर प्रांताचा कापूस हाताशी होता आणि वरोऱ्याचा कोळसा दूर नव्हता. १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि त्यावरूनच तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. आरंभी तिच्यात १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. ही यंत्रसामग्री विलायतेहून आलेली होती.

गिरणीसाठी घेतलेली जागा जुम्मा तलावाजवळची, पाणथळ होती. ती भरून काढल्याशिवाय तिच्यावर काही उभे करणे शक्य नव्हते. भराव टाकण्याचे काम सुरू असताना जमशेटजींनी एका स्थानिक मारवाडी सावकाराकडे भांडवलाची विचारणा केली. जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला आपण पैसा देणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन सावकाराने नकार दिला. पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर त्याच सावकाराने कबूल केले की टाटांनी जमिनीत सोने घातले नव्हते. त्यांनी माती घातली आणि सोने काढले. एफ. आर. हॅरिस यांच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी चरित्रापासून रूसी लाला यांच्या ‘द क्रिएशन ऑफ वेल्थ’ (१९८१) या पुस्तकापर्यंत ही हकीकत येते. भाषणांतून व वृत्तपत्रीय लेखांतूनही ती सांगितली जाते. मराठीत ती सहज रुजण्याचे कारण उघड आहे. ‘मातीचे सोने करणे’ आणि ‘पैसा मातीत घालणे’ हे दोन्ही वाक्प्रचार मराठीत आधीपासून आहेत आणि ही कथा त्या दोहोंच्या मधली वाट चालून जाते.

आख्यायिकेची रचना

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर या कथेत दोनच पात्रे आहेत. एक द्रष्टा उद्योजक आणि दुसरा अल्पदृष्टीचा सावकार. सावकाराला नाव नाही, फक्त जात आहे. जातीच्या उल्लेखाबरोबर वाचकाच्या मनात कंजूषपणाचा जो ठसा उमटतो त्यावर कथेचे अर्धे काम भागते. कथेच्या पूर्वार्धात सावकार चुकतो, उत्तरार्धात तो चूक कबूल करतो, आणि त्या कबुलीतून उद्योजकाचे द्रष्टेपण सिद्ध होते. दंतकथेचा हा परिचित साचा आहे.

या साच्यात जमिनीला मिळालेले स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. जमशेटजींच्या नागपूरच्या कारकिर्दीतील जागेच्या तयारीची आठवण वाचकाच्या मनात टिकते ती बहुतांशी या कथेमुळेच. पण कथेत येताच जमीन रूपक बनते. ‘सोने’ आणि ‘माती’ या दोन शब्दांच्या अदलाबदलीत प्रत्यक्ष माती नाहीशी होते. ती माती कोठून आणली, किती फूट भरली, किती पावसाळे ती बसू दिली, गाढवांवरून आणली की बैलगाड्यांतून, ती डोक्यावर वाहणाऱ्या बायामाणसांना रोजी काय मिळाली, यांतील एकही प्रश्न कथा वाचणाऱ्याच्या मनात येत नाही. कथेतील क्रियापदांचा कर्ता एकच आहे. टाटांनी माती घातली, टाटांनी सोने काढले. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे; वस्तुस्थितीच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

सावकाराच्या बाजूनेही ही कथा एकदा वाचायला हवी. त्याने दिलेला नकार खरोखर इतका अडाणीपणाचा होता काय? यंत्र तारण ठेवता येते, प्रसंगी विकता येते. कापसाच्या गासडीला बाजार असतो. इमारतीचे निदान दगड-विटा-लाकूड तरी हाती लागते. पण दलदलीत टाकलेला भराव परत काढून विकता येत नाही. जागेच्या तयारीवर झालेला खर्च हा उद्योगातील सर्वांत गाडलेला खर्च असतो आणि त्याचे मोल केवळ वर उभ्या राहणाऱ्या यंत्राच्या चालण्यावर अवलंबून असते. सावकाराच्या वहीत या खर्चाला तारण म्हणून खाते नव्हते. म्हणजे त्याने वापरलेले ‘पुरणे’ हे क्रियापद अगदी नेमके होते. त्याला यंत्राचे भविष्य दिसले नाही हे खरे. तथापि जमिनीचा स्वभाव त्याने बरोबर ओळखला होता. कथेत त्याच्या शहाणपणाचा हा भाग हरवतो, कारण त्याला हरवल्याशिवाय कथा पूर्ण होत नाही.

काळ्या मातीवर यंत्र

गावाच्या जमिनीची मराठी विभागणी जुनी आहे. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातही येणाऱ्या या विभागणीनुसार वस्तीची जागा ती पांढरी आणि कसण्याची जमीन ती काळी. विदर्भात ‘काळी’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. बेसाल्टच्या झिजेतून बनलेली येथील काळी माती ओल धरून ठेवते आणि म्हणूनच कोरडवाहू कापसाला ती मानवते. या ओल धरण्यामागे तिच्यातील बारीक चिकणमातीचा गुण आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने भेगा पडणे हे जमिनीचे श्वास घेणे आहे. बांधकाम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हीच गोष्ट धोक्याची आहे. फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या मातीवर भिंत उभी केली तर ती तडकते आणि फरशी उचलली जाते.

यंत्राच्या बाबतीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरणीत एका इंजिनाची गती लांबच लांब दांड्यांमधून, चाकांवरून आणि पट्ट्यांवरून शेकडो यंत्रांपर्यंत पोहोचत असे. दांडीची पातळी एका टोकाला किंचित जरी खचली तरी घर्षण वाढे, पट्टे घसरत आणि सूत तुटे. म्हणून पायाचे काम करणारा गवंडी पाणसळ आणि ओळंबा घेऊन जे साधत असे त्यावर विलायती यंत्राची सारी अचूकता उभी असे. अशा जमिनीवर बांधकाम करताना काळी माती खोदून मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खाली जावे लागते. खड्डा मुरमाने थराथराने भरावा लागतो, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने ठोकावा लागतो आणि मग त्यावर इंजिनासाठी दगडी किंवा काँक्रीटचा भक्कम पाया घ्यावा लागतो. यंत्र घट्ट आवळण्याचे बोल्ट कोठे येणार याची जागा पाया घेतानाच राखून ठेवावी लागते, आणि ती यंत्र बनवणाऱ्याने पाठवलेल्या नकाशाशी तंतोतंत जुळावी लागते. ती चुकली तर हजारो मैल प्रवास करून आलेले यंत्र पायाशेजारी पडून राहते.

आज यंत्राला दांड्या-पट्ट्यांऐवजी स्वतंत्र वीजमोटर असते, धुमसाच्या जागी यांत्रिक रोलर आला आहे आणि पाणसळीच्या जोडीला लेझर किरणांवर चालणारी उपकरणे आली आहेत. तरीही मूळ क्रम बदललेला नाही. माती तपासणे, ती काढणे, भराव घालणे, तो दाबणे, पाया घेणे आणि त्याला पुरेसे दिवस मुरू देणे याच पायऱ्यांनी आजही जावे लागते.

यातून एक विरोधाभास समोर येतो. जी माती कापूस पोसते तीच माती कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या आणि विणणाऱ्या यंत्राला पेलत नाही. गिरणी कापसाच्या जवळ यावी म्हणून ती विदर्भात आणायची आणि ती उभी करण्यासाठी कापूस पोसणारी माती आधी उकरून बाजूला टाकायची, असा हा व्यवहार आहे. कारखान्याची जागा ना काळी असते ना पांढरी. ती तिसऱ्याच प्रकारची जमीन असते, आणि तिला गावाच्या भाषेत नाव नाही. महसुलाच्या भाषेत तिला नाव आहे, पण ते नकारातून तयार झालेले आहे. आपण तिला ‘बिनशेती’ म्हणतो. ती काय नाही एवढेच तिच्या नावातून कळते. ती काय आहे, कशी घडवली, कोणी घडवली हे कळत नाही. आख्यायिकेत जमीन रूपक होऊन नाहीशी झाली. दप्तरात ती नकार होऊन नाहीशी होते.

हवेची तयारी

आयात केलेल्या यंत्रासाठी केवळ जमीन तयार करून भागत नाही, हेही एम्प्रेस मिलच्या इतिहासातून दिसते. लँकेशायरमध्ये सूतकताई भरभराटीला येण्यामागे तेथील दमट हवेचा मोठा वाटा होता. ओल असलेल्या हवेत कापसाचा तंतू लवचीक राहतो; कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो, त्यात विद्युतभार साठतो आणि धागा वारंवार तुटतो. ज्या देशात ही यंत्रे घडवली गेली तेथील हवा जणू त्यांच्या रचनेत गृहीत धरलेली होती. नागपूरचा उन्हाळा हे गृहीतक मोडून काढणारा होता. त्यामुळे गिरणीत हवा दमट ठेवण्याची साधने बसवावी लागली. म्हणजे जागेच्या तयारीत माती, पाणी आणि हवा या तिन्हींचा समावेश झाला. विदर्भाच्या वैशाखात, चार भिंतींच्या आत, लँकेशायरची हवा तयार करावी लागली.

या हवेची दुसरी बाजू खुद्द इंग्लंडमध्ये वादाचा विषय झाली होती. विणाई खात्यांत वाफ सोडून कृत्रिम दमटपणा निर्माण केल्याने कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम होतो अशा तक्रारी झाल्या आणि १८८९ साली ब्रिटिश संसदेने या दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा केला. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही, हे तेथे कायद्याने मान्य झाले. उद्योगचरित्रांत हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रणेचा उल्लेख मालकाच्या आधुनिक दृष्टीचा पुरावा म्हणून येतो आणि तो चुकीचा नाही. परंतु त्या हवेत दिवसाचे अनेक तास श्वास घेणाऱ्याला काय वाटत होते हा प्रश्न तेथेही विचारला जात नाही.

येथे जमशेटजींच्या श्रेयाविषयी स्पष्टपणे बोलले पाहिजे. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील बेझनजी मेहता यांच्यासारखा, कापडधंद्याचा अनुभव नसलेला पण कर्तबगार माणूस त्यांनी व्यवस्थापक म्हणून निवडला आणि जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाची त्याला जोड दिली. आरंभी घेतलेली यंत्रे कमी प्रतीची निघाली तेव्हा ती बदलण्याचा खर्च त्यांनी सोसला. लँकेशायरच्या नामांकित कारखानदारांनाही ज्याविषयी शंका होती त्या रिंग पद्धतीच्या कताईचा प्रयोग त्यांनी नागपुरात केला. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघात भरपाई सुरू झाली. ही कामगिरी मोठी आहे आणि प्रस्तुत चिकित्सेने ती लहान होत नाही. येथे आक्षेप आहे तो व्यक्तीवर नसून कथनाच्या सवयीवर आहे. यंत्र बदलले, पद्धत बदलली, व्यवस्थापक नेमला, हे सारे चरित्रात तपशिलाने येते. ज्या भरावावर हे सर्व उभे राहिले त्याच्या वाट्याला एक चुरचुरीत किस्सा येतो, ही विषमता दाखवून देणे आवश्यक आहे.

मराठी साहित्यातील मधला टप्पा

चरित्रलेखनाने सोडलेली ही जागा ललित साहित्याने भरली काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ (१९३३) या कादंबरीने मुंबईतील गिरणगाव मराठी वाचकाच्या घरात आणला. नारायण सुर्वे यांच्या कवितेने कामगाराला स्वतःचा उच्चार दिला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेले गिरणी कामगाराचे कुटुंब रंगभूमीवर आणले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात लातूरच्या सूतगिरणीतील काम येते. या साहित्याची परंपरा समृद्ध आहे. तथापि तिच्यातील गिरणी बहुधा आधीपासून उभी असते. तिचा भोंगा वाजत असतो किंवा कायमचा थांबलेला असतो. भोंगा पहिल्यांदा वाजण्यापूर्वी त्या जागेवर काय घडले, हा या परंपरेच्या आस्थेचा विषय झालेला दिसत नाही.

याला एक कारण असे की जागा तयार करणारे हात गिरणी चालवणाऱ्या हातांहून वेगळे असतात. महाराष्ट्रात मातीकाम आणि दगडकाम परंपरेने वडार, बेलदार अशा समाजांकडे राहिले. काम संपले की त्यांचे पाल उठते. गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव चढत नाही, युनियनमध्ये त्यांची वर्गणी नसते, संपाच्या इतिहासात त्यांना स्थान मिळत नाही. लक्ष्मण गायकवाड यांनीच ‘वडार वेदना’ लिहून या समाजाकडे वाचकांचे लक्ष वेधले ही महत्त्वाची गोष्ट आहे. परंतु माती वाहणाऱ्यांचे साहित्य आणि यंत्र चालवणाऱ्यांचे साहित्य मराठीत दोन वेगळ्या कप्प्यांत वाचले जाते. एकाला आपण भटक्या-विमुक्तांचे साहित्य म्हणतो, दुसऱ्याला कामगार साहित्य. भरावाची जमीन नेमकी या दोन कप्प्यांच्या मधल्या फटीत पडते. समीक्षेने केलेल्या वर्गीकरणामुळे एक वस्तुस्थिती दिसेनाशी होते, याचे हे उदाहरण आहे.

ज्या काळात एम्प्रेस मिलची जागा भरली जात होती त्याच काळात बांधकामाच्या व्यवहाराचा प्रत्यक्ष अनुभव असलेला एक माणूस मराठीत लिहीत होता, हेही येथे आठवते. महात्मा जोतीराव फुले यांनी खडकवासला धरणाच्या कामात कंत्राटदार म्हणून काम केले होते. मजुराच्या श्रमाकडे आणि सरकारी बांधकामातील लबाडीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या अनुभवातून धारदार झाली होती. ही दृष्टी पुढील काळातील उद्योगलेखनाला मिळाली असती तर आपली उद्योगचरित्रे वेगळी झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

किर्लोस्करवाडी : एक तुलना

जागेच्या तयारीची कथा वेगळ्या रीतीने सांगता येते, याचे उदाहरण मराठीतच उपलब्ध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला कारखाना हलवावा लागला तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. ती जागा सुमारे ३२ एकरांचा ओसाड माळ होती. निवडुंगाने भरलेली आणि सापांनी वसवलेली. किर्लोस्करवाडीच्या कथेत निवडुंग तोडणे, साप मारणे, पाण्याची सोय करणे, तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणे यांना मोठे स्थान आहे. बरोबर आलेल्या सहकाऱ्यांची नावे आणि स्वभाव या कथेत आहेत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीच्या कामावर नेमल्याची हकीकतही तिच्यात येते.

हा फरक का पडला? एक कारण असे की या उद्योगसमूहाकडे स्वतःची लेखणी होती. १९२० साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’पासून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकापर्यंत वाडीला स्वतःविषयी मराठीत लिहिण्याची सवय लागली आणि शंकरराव किर्लोस्करांसारखा संपादक तिला लाभला. एम्प्रेस मिलची कथा इंग्रजी चरित्रांतून आली, आणि ती संस्थापकाचे स्मारक म्हणून लिहिली गेली. अर्थात किर्लोस्करवाडीच्या कथेलाही मर्यादा आहेत. ती एका कुटुंबाच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून घडली आहे. निवडुंगाचा माळ तेथील गुराख्याला काय वाटत होता हे तिच्यातून कळत नाही. तरीसुद्धा तेथे जमीन ही जमीन म्हणून येते. तिला काटे असतात, तिच्यात साप असतात, ती दिवसभर राबल्याशिवाय मोकळी होत नाही. रूपक होण्याची घाई तिला नसते.

आख्यायिकेचा तिसरा अंक

एम्प्रेस मिलची आख्यायिका दोन अंकांची आहे. पहिल्या अंकात सोने जमिनीत जाते असे वाटते, दुसऱ्या अंकात मातीतून सोने निघते. इतिहासाने तिला तिसरा अंक जोडला आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. १९८६ साली एम्प्रेस मिल महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात गेली आणि २००२ साली ती बंद झाली. सव्वाशे वर्षांचा उत्पादनाचा इतिहास तेथे थांबला. यंत्रांची किंमत भंगाराच्या भावावर आली. कामगारांच्या कौशल्याला बाजार उरला नाही. मोल उरले ते जागेचे. नागपूरच्या मध्यभागी असलेली ती जमीन आता सर्वांत मौल्यवान ठरली आणि तिच्या एका भागावर एम्प्रेस मॉल उभा राहिला.

या तिसऱ्या अंकात सावकाराचे वाक्य पुन्हा उलटे होते. एकदा जिला दलदल म्हणून नाकारले, जिच्यात माती घालावी लागली, ती जमीनच शेवटी सोने ठरली आणि जिच्यासाठी तो भराव टाकला ती गिरणी मातीमोल झाली. ज्यांनी माती वाहिली आणि ज्यांनी पुढे यंत्रे चालवली, त्या दोघांच्याही वाट्याला या सोन्यातून काय आले, हा प्रश्न आख्यायिका विचारू देत नाही. तिचा शेवट तिने फार आधी करून टाकला आहे. कोणत्याही उद्योगकथेची चिकित्सा करताना ती कोठे थांबते हे पाहणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

यवतमाळच्या संदर्भात

ही चर्चा केवळ नागपूरच्या जुन्या गिरणीपुरती मर्यादित नाही. यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांनी विलायती यंत्रांचा पहिला अनुभव या भागाला दिला. कापूस बाहेर नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद मापाची रेल्वे टाकली गेली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. या ‘शकुंतले’च्या इंजिनाची छायाचित्रे आणि आठवणी पुष्कळ आहेत. ज्या भरावावरून ते धावले त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. १९६१ च्या अधिनियमानंतर राज्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहू लागल्या. यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक क्षेत्रात १९९६ साली रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना सुरू झाला आणि ‘पांढरे सोने’ पिकवणाऱ्या जिल्ह्याला कापूस ते कापड ही साखळी आपल्याच भूमीवर पाहता आली.

नवा कारखाना येणार असला की आपल्याकडे तीन आकडे सांगितले जातात : गुंतवणूक किती, यंत्रे कोणत्या देशाची आणि रोजगार किती. ‘रोजगार’ या शब्दात कारखाना सुरू झाल्यानंतरची माणसे येतात. त्यापूर्वी मुरूम टाकणारी, धुमस मारणारी, पायाला पाणी घालणारी माणसे त्यात मोजली जात नाहीत. ‘गुंतवणूक’ या शब्दात यंत्राची किंमत येते. उकरून टाकलेल्या काळ्या मातीची किंमत येत नाही. एक वीत काळी माती तयार होण्यास निसर्गाला कित्येक शतके लागतात. ती उकरायला एका यंत्राला काही तास पुरतात. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न इतका दीर्घकाळ भळभळत राहिला आहे तेथे जमिनीच्या या रूपांतराकडे तपशिलाने पाहणे ही केवळ अभ्यासाची हौस राहत नाही. कारखाने येऊ नयेत असे येथे सुचवायचे नाही. ते आले पाहिजेत. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलांना काम मिळाले पाहिजे. परंतु ते कोणत्या जमिनीवर येतात, त्या जमिनीचे पूर्वीचे नाव काय होते आणि ती कोणाच्या हातांनी सपाट झाली, याची नोंद त्या कारखान्याच्या कथेत असली पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एम्प्रेस मिलची प्रसिद्ध आख्यायिका जागेच्या तयारीचे स्मरण जपते आणि त्याच वेळी सोने व माती यांच्या रूपकात ती तयारी विरघळवून टाकते. विदर्भाच्या काळ्या मातीत आयात यंत्र बसवणे हे भूमी, पाणी आणि हवा या तिन्हींचे रूपांतर होते. त्यामुळे त्याला एका किश्शापेक्षा अधिक जागा मिळायला हवी होती. मराठी साहित्यात गिरणीचे चालणे आणि थांबणे यांचे प्रभावी चित्रण झाले असले तरी तिच्या उभारणीपूर्वीचा काळ दुर्लक्षित राहिला, आणि याला समीक्षेने केलेले साहित्याचे कप्पेही अंशतः जबाबदार आहेत. किर्लोस्करवाडीच्या कथेवरून हे दुर्लक्ष अटळ नव्हते असे दिसते.

यापुढे विदर्भातील उद्योगांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी पहिले प्रकरण यंत्राच्या आगमनापासून सुरू न करता जमिनीच्या तयारीपासून सुरू करावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांनी जिनिंगच्या, सूतगिरणीच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या आवारात कधीतरी माती वाहिलेली असेल. त्यांच्या आठवणी विचारून, लिहून ठेवण्याचे काम मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र या तिन्ही विभागांना मिळून करता येण्यासारखे आहे. ती माणसे आहेत तोवरच ते करता येईल.